मठाचा गाडा ओढणारे हात

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणारा रस्ता पिरियापट्टण तालुक्यात शिरला, की दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं लागतात. मध्येच आलं, मका, नारळीची झाडं... सारं कसं अस्सल कर्नाटकी! आणि मग बायलकुप्पे येतं. झाडांना बांधलेल्या रंगीबेरंगी पताका वाऱ्यावर फडफडू लागतात. तांबड्या वस्त्रातली चिमुरडी पोरं हसत-खिदळत रस्ता ओलांडतात. पाटीवर कानडीच्या जोडीला एक वेगळीच लिपी दिसते. घटकाभर वाटतं, आपण दक्षिणेत आहोत की हिमालयात?

पर्यटक येतात, नामद्रोलिंग मठाचं ‘सुवर्णमंदिर’ पाहतात, सोनेरी मूर्तींसमोर माना उंचावतात आणि कुर्गच्या दिशेने निघून जातात. मधली बुद्धाची मूर्ती साठ फुटांची, बाजूच्या पद्मसंभव आणि अमितायुस यांच्या अठ्ठावन्न फुटांच्या. पाहणाऱ्याचे डोळे दिपणारच! पण या मूर्तींसमोर रोज पहाटे दिवे लावणारी, हजारो जणांचा स्वयंपाक रांधणारी, पोरांना अक्षर-ओळख करून देणारी माणसं कोण आहेत? ती इथे आली कुठून? त्यांच्या वाटा मूर्तींपेक्षा कमी नवलाच्या नाहीत.

बांबूच्या झोपडीपासून

१९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी हिमालय ओलांडून आले. त्यांना वसवायचं कुठे? पंतप्रधान नेहरूंनी राज्यांना साद घातली. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने पिरियापट्टण तालुक्यातली सुमारे तीन हजार एकर जंगलजमीन दिली. १९६० च्या अखेरीस पहिली तुकडी येऊन दाखल झाली. थंड पठारावर वाढलेली ही माणसं. इथली उष्ण हवा, मुसळधार पाऊस, रात्री-अपरात्री शिरणारे हत्ती यांच्याशी त्यांची गाठ होती. झाडं तोडायची, मुळं उपसायची आणि मका पेरायचा. कित्येकांनी इथेच देह ठेवला.

या जंगलात १९६३ साली एका तिशीतल्या लामाने मठ स्थापन केला. पेनोर रिन्पोचे त्यांचं नाव. जन्म १९३२ चा, पूर्व तिबेटातला. लहानपणीच त्यांना पूर्वीच्या एका थोर लामाचा अवतार मानलं गेलं आणि पल्युल मठात त्यांची प्रतिष्ठापना झाली. पुढे देश सोडायची वेळ आली, तेव्हा त्यांच्यासोबत सुमारे तीनशे माणसं निघाली होती. भारताच्या सीमेपर्यंत पोचली ती जेमतेम तीस! बाकीची वाटेतच राहिली.

एवढं दुःख उरात घेऊन आलेल्या माणसाने काय करावं? त्यांनी मूठभर भिक्षूंना हाताशी धरून बांबूचं एक मंदिर उभारलं. क्षेत्रफळ किती? अवघं ऐंशी चौरस फूट! आपल्याकडच्या चाळीतली खोलीही याहून ऐसपैस असते. पुढे पक्की इमारत उभी राहू लागली, तेव्हा गादीवर बसायचा मान असलेले हे गुरू स्वतः दगड-माती वाहत होते.

१९७८ साली इथे उच्च शिक्षणाचं विद्यापीठ निघालं. १९९३ साली भिक्षुणींसाठी वेगळा मठ झाला आणि त्याच वर्षी निंगमा परंपरेचं प्रमुखपद रिन्पोचेंकडे आलं. १९९९ साली सुवर्णमंदिराचं उद्घाटन दलाई लामांच्या हस्ते झालं. २००९ च्या मार्च महिन्यात रिन्पोचेंनी इथेच देह ठेवला, तेव्हा ऐंशी फुटांच्या त्या झोपडीचा हजारो जणांचा मठ झालेला होता.

तुरुंगातून आलेली विद्या

नामद्रोलिंगपासून जवळच सेरा मठ आहे. मूळ सेरा ल्हासाजवळचा, १४१९ साली स्थापन झालेला. १९५९ नंतर तिथले जे भिक्षू निसटू शकले, त्यांना पश्चिम बंगालमधल्या बक्सा किल्ल्यात ठेवण्यात आलं. हा तोच किल्ला, जिथे इंग्रजांनी स्वातंत्र्यसैनिकांना डांबलं होतं! दमट हवेत क्षयाने भिक्षू पटापट आजारी पडू लागले. तरीही त्यांनी पाठांतर सोडलं नाही, वादविवाद सोडले नाहीत. १९७० च्या सुमारास त्यातले तीनेकशे भिक्षू बायलकुप्पेला आले. दिवसा शेतात फावडं आणि संध्याकाळी शास्त्रचर्चा, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला.

त्याच सेराच्या परंपरेतले गेशे ल्हुंदुब सोपा १९६२ साली अमेरिकेला गेले. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं अध्यापन केलं. २०१४ साली ते तिथेच निवर्तले. बक्सामध्ये शिकलेले लामा थुब्तेन येशे यांनी तर पाश्चात्त्य तरुणांना शिकवण्यात आयुष्य वेचलं. १९८४ साली त्यांचं निधन झालं आणि पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये जन्मलेल्या एका बालकाला त्यांचा अवतार मानलं गेलं. तो ओसेल. स्पॅनिश आई-बापांचं हे पोर शिक्षणासाठी सेरा मठात आलं! तिबेटी शिकलं, ग्रंथ पाठ करू लागलं. पण अठरा वर्षांच्या आसपास ओसेलने मठ सोडला आणि चित्रपटकलेचा अभ्यास केला. पुढे स्वतःच्या रीतीने तो पुन्हा धर्माविषयी बोलू लागला.

इथे थोडं थांबायला हवं. ज्याला लहानपणी गादीवर बसवलं, त्याला ‘तुला हे हवं आहे का?’ असं कोणी विचारलं होतं? आणि ज्यांनी त्याच्यावर आशा ठेवली, त्यांचं मन किती दुखावलं असेल? दोन्ही प्रश्न खरे आहेत. आपल्या घरातही मुलाने वडिलांचाच पेशा पत्करावा म्हणून हट्ट धरला जातो. सेवा ही ओढून घ्यायची गोष्ट नव्हे, हे घराला जितकं लागू, तितकंच मठालाही.

वीणेकरी आणि चोपदार

मठ चालतो तो थोरामोठ्यांच्या नावावर नव्हे, साध्या सेवेकऱ्यांच्या खांद्यावर. प्रार्थनेला सूर धरून देणारा असतो, त्याला ‘उमझे’ म्हणतात. त्याचा खर्जातला आवाज लागला, की शेकडो आवाज त्यात मिसळतात. शिस्त राखणारा ‘गेको’ असतो. त्याची पावलं वाजली, की पेंगणारी पोरं ताठ बसतात! वारीतल्या दिंडीला जसा वीणेकरी आणि चोपदार, तसेच हे दोघे. कोठार सांभाळणारा वेगळा, स्वयंपाकघराचा प्रमुख वेगळा. ही काही पगाराची नोकरी नव्हे. नेमून दिलेला काळ सेवा करायची आणि मग दुसऱ्याच्या हाती सोपवून पुन्हा ग्रंथांकडे वळायचं. ‘गेशे’ या सर्वोच्च पदवीसाठी वीस-वीस वर्षं अभ्यास करावा लागतो. बायकांना तर ही वाट फार उशिरा मोकळी झाली. २०१६ साली मुंडगोड इथे वीस भिक्षुणींना प्रथमच ‘गेशेमा’ पदवी मिळाली.

आणि हे सेवेकरी आता केवळ तिबेटी उरलेले नाहीत. लडाख, किन्नौर, स्पिती, सिक्कीम, अरुणाचलचा तवांग भाग, नेपाळ, भूतान, अगदी मंगोलिया... नाना मुलखांची मुलं इथे एका पंगतीत बसतात. घरची बोली वेगळी, ग्रंथांची भाषा तिबेटी, बाजारात कानडी आणि आपसांत अडलं की हिंदी! ताटात भात-डाळ असते आणि सोबतीला लोण्याचा खारट चहा.

पुढे कोण?

या सरमिसळीमागे एक काळजीही आहे. २००८ नंतर तिबेटातून सीमा ओलांडून येणाऱ्यांची संख्या अगदी रोडावली. वसाहतीतल्या कुटुंबांतही मुलं मोजकीच. शिकलेली तरुण पिढी बंगळूरला किंवा थेट परदेशी जाते. म्हाताऱ्या आई-बापांना शेती झेपत नाही. मग ती शेजारच्या कानडी शेतकऱ्याकडे जाते. तिबेटी मठाचा दिवा उद्या कदाचित मोनपा किंवा लडाखी हातच लावतील. ज्यांनी आपल्या देशाची आठवण म्हणून हे सारं जपलं, त्यांना हे पचवणं सोपं नसणार. परंतु बांबूची झोपडी बांधणाऱ्यांनी तरी कुठे ठाऊक होतं, की आपली विद्या स्पेनपर्यंत पोचेल?

आपल्याकडेही ही माणसं अनोळखी नाहीत. थंडी सुरू झाली, की शहरात रस्त्याकडेला स्वेटरची दुकानं मांडून बसतात, ते हेच तिबेटी. बायलकुप्पेच्या अनेक घरांची वर्षाची मिळकत त्या दोन-तीन महिन्यांवर अवलंबून असते. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत आहे. आपण स्वेटरचा भाव करतो, दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो आणि पिशवी घेऊन निघतो. यंदाच्या थंडीत भाव झाल्यावर ‘गाव कुठलं?’ एवढं तरी विचारावं. उत्तर ‘बायलकुप्पे’ असं आलं, तर समोर कोणाचं घर उभं आहे, हे आपल्याला ठाऊक असेल.