कारो-लाच्या वाटेवर

ल्हासाहून ग्यान्त्सेकडे निघालेली मोटार प्रथम चढते ती खांबा-लावर. ‘ला’ म्हणजे खिंड. उंची पंधरा हजार फुटांच्या वर. आम्हा चौघा मित्रांना चार पावलांत धाप लागली. ड्रायव्हरने मात्र ‘ल्हा ग्यालो!’ अशी खणखणीत आरोळी ठोकली. देवांचा जय असो! आपल्याकडे घाटमाथ्यावर नारळ वाढवतात, त्यातलाच हा प्रकार. खाली यमद्रोक सरोवर पसरले होते. त्याला मोरपंखी म्हणावे, तर ढग सरकताच ते जांभळे!

पुढची खिंड कारो-ला, सुमारे साडेसोळा हजार फुटांवर. हिमनदी थेट रस्त्याशेजारी उतरलेली. फोटो काढण्याची एकच घाई उडाली. पण मे १९०४ मध्ये इथे लढाई झाली होती. यंगहजबंडच्या मोहिमेतले शीख आणि गुरखे याहूनही उंच कडे चढून तिबेटी मोर्चांवर तुटून पडले. आणि आम्हाला बुटाचा बंद बांधवत नव्हता!

ग्यान्त्सेचा किल्ला ६ जुलै १९०४ रोजी पडला. भगदाडातून पहिल्याने शिरलेल्या लेफ्टनंट ग्रँटला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या जोडीचा हवालदार कर्बीर पुन. पण हिंदी शिपायांना तो सन्मान १९११ पर्यंत खुलाच नव्हता!

किल्ल्याखाली आमचा तिबेटी वाटाड्या ‘इंग्रजांनी जिंकला’ एवढेच म्हणाला. आमच्यातला एकजण पुटपुटला, “अरे, पण शिपाई बहुतेक आपल्याकडचेच की!”

वाटाड्याने थर्मास उघडला आणि सर्वांच्या पेल्यांत लोणी घातलेला खारट चहा ओतला. आम्ही तो मुकाट्याने प्यालो.