एंटर मारून पुढे ढकललेला प्रश्न

“मॅडम, फुकटचं आहे, ते असंच चालणार.” तालुक्याहून आलेल्या तंत्रज्ञाचं हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या वाचनालयाला एका कार्यालयाने वापरून झालेले चार संगणक दिले होते. चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज ११ साठी लागणारं टीपीएम २.० त्यांच्यात नव्हतं आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार होते. म्हणून कार्यकारिणीने डेबियन लिनक्स टाकायचं ठरवलं.

इन्स्टॉल करताना शेवटाकडे एक पडदा येतो. संगणकावर काय काय हवं ते तिथे विचारतात आणि खाली यादी असते : गनोम, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी. गनोमसमोर आधीच खूण असते. मी तंत्रज्ञाच्या खुर्चीमागे उभी होते. “हे काय विचारतंय?” म्हटलं. “काही नाही मॅडम, पुढे पुढे एंटर मारायचं असतं.” आणि एंटर मारला. चारही संगणकांवर तसाच.

माझा राग त्या एंटरवर आहे. यंत्र स्वतः थांबून विचारत होतं, तुम्हाला कसं हवंय? इतक्या वर्षांत माझ्या हातात आलेल्या कुठल्याही विकतच्या संगणकाने मला हे विचारलेलं नाही. खिडक्या कशा उघडतील, मेनू कुठे असेल, खालची पट्टी असेल की नाही, हे सगळं ठरवणाऱ्या भागाला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. लिनक्समध्ये तो मूळ यंत्रणेपासून वेगळा काढता येतो, बदलता येतो. पाया तोच ठेवून वरचं घर बदलावं तसं. हे त्या मुलाला माहीत नसेल तर त्याने “माहीत नाही” म्हणायला हवं होतं. “काही नाही” हे उत्तर नव्हे.

पुढचं व्हायचं ते झालं. गनोम देखणं आहे, पण कामाला सुरुवात करण्याआधीच ते एक जीबीच्या वर रॅम खातं. फायरफॉक्स उघडला, जोडीला ग्रंथयादीची कॅल्क फाइल उघडली की डिस्कचा दिवा विझायचाच नाही. स्पर्धा परीक्षेची मुलं बसायची, वाट पाहून उठायची. तंत्रज्ञाला बोलावलं तेव्हा ते फुकटचं वाक्य ऐकायला मिळालं आणि वर उपाय म्हणून क्रॅक केलेली विंडोज! सार्वजनिक वाचनालयात चोरीची प्रत! बैठकीत दोघांनी माना डोलावल्या, याचं मला जास्त वाईट वाटलं. अख्खा पावसाळा ‘लिनक्स म्हणजे संथ’ हेच गावात पसरत राहिलं.

मार्ग सापडला तो पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. फोनवर सगळं ऐकून तो म्हणाला, “बाई, काही पुसू नका. शेजारी एक्सएफसीई बसवा.” टर्मिनलमध्ये ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ आणि पुढे ‘टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप’ असं त्याने अक्षर-अक्षर सांगितलं, मी टाइप केलं. मध्ये लॉगिनचा पडदा जीडीएम३ चा की लाइटडीएमचा असं विचारलं, तेव्हा होतं तेच ठेवलं. मग लॉगिनच्या पडद्यावर नाव निवडल्यावर उजव्या कोपऱ्यात खाली एक दातेरी चाक दिसलं. ते पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. दाबलं, एक्सएफसीई निवडलं, पासवर्ड दिला. वेगळीच खोली उघडली, पण आमच्या सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या. रॅम जवळपास निम्मी मोकळी झाली आणि फायरफॉक्स भराभर चालू लागला. मला आजही याचं नवल वाटतं.

नंतर मी बरंच वाचलं. १९९६ मध्ये जर्मनीतल्या मॅथियास एट्रिखने केडीई सुरू केलं. ते ज्या क्यूटी संचावर उभं होतं, त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी गनोम सुरू केलं. ऑलिव्हिए फूर्दाँचं एक्सएफसीईही १९९६ चंच. त्या यादीतल्या एकेका नावामागे माणसांनी घातलेली वर्षं आहेत, भांडणं आहेत.

एक्सएफसीईत मराठी कळफलक जोडायचा असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम डिफॉल्ट’ची खूण आधी काढा, नाहीतर भाषा जोडायचं बटण दबतच नाही. इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत ‘दुसऱ्या’तला ऱ शिफ्ट आणि जे दाबून येतो. ग्रंथपाल ताईंनी हे कागदावर लिहून प्रत्येक टेबलावर चिकटवलंय.

चारही संगणक एक्सएफसीईवर नेऊन मी निश्चिंत झाले होते. मग आमचा एक वाचक आला, बारावी झालेला, पूर्ण अंध. पडदा वाचून दाखवणारा ओर्का त्याच्यासाठी सुरू केला, पण पट्टीवर आणि मेनूत तो मध्येच गप्प व्हायचा. त्याच संगणकावर चाक फिरवून गनोममध्ये गेलो. अल्ट, सुपर आणि एस दाबल्यावर ओर्का बोलू लागला, सलग बोलत राहिला. डेबियनने २०१३ मध्ये आपोआप येणारी निवड म्हणून एक्सएफसीई घेतलं होतं. २०१४ मध्ये ते पुन्हा गनोमकडे वळलं, आणि त्यामागच्या कारणांत अपंग वापरकर्त्यांची सोय हे एक ठळक कारण होतं. म्हणजे ज्या खुणेवर मी इतकी चिडले होते, ती अशाच मुलांसाठी तिथे होती. तंत्रज्ञावरचा राग मात्र गेलेला नाही. त्याने ती खूण कुणाचा विचार करून ठेवलीच नव्हती.

आता खिडकीजवळचा संगणक गनोमवर असतो. तो हळू चालतो, पण त्या मुलाची तक्रार नाही. त्याची तक्रार ओर्का ज्यातून बोलतो त्या ईस्पीकच्या मराठी आवाजाबद्दल आहे : उच्चार कोरडे आहेत, जोडाक्षरं अडखळतात. कार्यकारिणीत कुणी म्हणालं, सगळे संगणक एकसारखे ठेवा, सांभाळायला सोपं पडेल. मी विरोध नोंदवायला लावला आहे. त्या एका संगणकाची रॅम आठ जीबी करण्याचा अर्जही दिलाय. पुढच्या बैठकीत तो निघेल.