पडलं काय, आणि कशावरून?

लोणारच्या विवरात उतरलं की कुणीतरी हमखास खिशातून लोहचुंबक काढतं आणि काठावरच्या वाळूत फिरवतं. काळ्या कणांच्या मिशा त्याला लगेच फुटतात. "हे पाहा, आभाळातून पडलेलं लोखंड!" बघणारे खूश होतात. मलाही ते कण बोटावर घ्यायला आवडतात. पण इथला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट आणि त्यात मॅग्नेटाइट असतंच. सिंदखेडराजाकडच्या एखाद्या ओढ्यात चुंबक फिरवला, तरी त्याला मिशा येतील.

पुराणकथा सांगते, लवणासुर इथे जमिनीखाली दडला होता; विष्णूने झाकण उडवून त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर विष्णूचंच. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली आणि पुढे कितीतरी वर्षं अभ्यासक हा ज्वालामुखीच धरून चालले. सगळीकडे लाव्हाच, मग दुसरं काय सुचणार? कथा असो की शास्त्र, नजर खालीच होती. वर बघायला विसावं शतक उजाडलं.

वर बघूनही आदळलेल्या अशनीचा धोंडा हाती लागला नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पाडताना तो जवळजवळ सगळा वितळून, वाफ होऊन गेला. साक्ष दिली ती मार खाल्लेल्या खडकाने. तळात छिद्रं घेऊन काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पारवर निमिषात प्रचंड दाब आला की त्याची अशी काच होते. ज्वालामुखीला ते साधत नाही. १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

याउलट, २०२२ च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भाच्या आभाळातून जळत्या रेघा गेल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. वस्तू समोर होती, कक्षेचा हिशेब हाताशी होता. चिनी रॉकेटपर्यंत माग लागायला वेळ लागला नाही.

आभाळातून काही पडलं म्हटलं की आपण आधी वस्तू मागतो. लोणारला वस्तूच नाही. तिथे दाखवावं लागलं ते एवढंच, की खडकाचं जे झालं ते दुसऱ्या कशानेही झालं नसतं. विवराचं वय कुणी सुमारे ५२ हजार वर्षं काढतं, कुणी ५ लाख ७० हजार. एवढी तफावत असूनही ते आघातानेच झालं, याबद्दल वाद उरलेला नाही, तो या कसोटीमुळेच.