कोट नसलेला पाहुणा

माझा भाचा पुढच्या महिन्यात बोटीवर कामाला निघणार आहे. परवा बॅग भरता भरता त्याने विचारले, "मामा, तिथं म्हणे रात्रीच्या जेवणालासुद्धा कोट घालावा लागतो. खरं का?" मी हसलो. पण त्या प्रश्नाने एक जुनी गोष्ट मनात वर आली. घरात ती कधी सांगितली नव्हती. आज वाचकांना सांगतो.

मी अकरा वर्षे प्रवासी बोटीवर वेटर होतो. नऊ महिन्यांचा करार, मग दोन महिने घरी, पुन्हा बोट. मुंबईची, कोकणातली, गोव्याची पुष्कळ मुले या बोटींवर आहेत. कोणी स्वयंपाकघरात, कोणी धुलाईखात्यात, कोणी केबिन साफ करायला. लोकांना वाटते, जगाची सफर फुकट होते. आमची सफर म्हणजे खालच्या मजल्यावर दोघांत एक खोली, आणि वरच्या मजल्यावर हसरा चेहरा.

सात रात्रींचा प्रवास असला की त्यात साधारण एक-दोन 'फॉर्मल नाइट' असतात. त्या रात्री पुरुषांनी गडद सूट किंवा काळा टक्सिडो घालून गळ्यात बो-टाय बांधायचा, बायकांनी लांब झगा घालायचा. आपली साडीही चालते. ही चाल जुनी आहे. अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या बोटींवर पहिल्या वर्गाचे श्रीमंत प्रवासी कपडे बदलूनच रात्रीच्या जेवणाला बसत. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवरही हाच रिवाज होता. तिसऱ्या वर्गात मात्र पोटासाठी अमेरिकेला निघालेली माणसे होती. त्यांना कुठला आला टक्सिडो! २००४ साली सुरू झालेल्या 'क्वीन मेरी २' बोटीवर हा थाट अजून पाळतात. ज्याला नटायचे नसेल त्याने बुफेत जेवावे. उलट नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने २००० साली 'फ्रीस्टाइल' नावाने ही सक्ती सैल केली. आता बऱ्याच बोटींवर नियम पूर्वीइतका कडक राहिलेला नाही.

पाहुण्यांची ती रात्र म्हणजे आमची परीक्षा. धुलाईखात्यातली पोरे सकाळपासून इस्त्रीच्या वाफेत उभी. संध्याकाळी आमचीही तपासणी होई: बूट चकचकीत आहेत का, नखे कापली आहेत का, नावाची पट्टी सरळ आहे का.

अशाच एका रात्री मुख्य वेटरने मला जेवणाच्या दालनाच्या दारावर उभे केले. कोट नसेल त्याला नम्रपणे परत पाठवायचे, एवढेच काम. साडेसातच्या सुमारास एक म्हातारे जोडपे आले. त्याच्या अंगात धुतलेला चौकड्यांचा शर्ट आणि वर लोकरीचे स्वेटर. विमानप्रवासात त्यांची मोठी बॅग हरवली होती. लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून पैसे साठवून ते या सफरीला आले होते. मी शिकवलेले वाक्य म्हटले, "माफ करा साहेब, आज कोट आवश्यक आहे. वरच्या मजल्यावर बुफे आहे."

म्हातारा भांडला नाही. त्याने एकदा स्वतःच्या शर्टाकडे पाहिले आणि मला 'थँक यू' म्हणाला. बाईने त्याची कॉलर हाताने नीट केली आणि दोघे वळून गेले.

वाचकहो, तिथून दहा पावलांवर कपाटात दोन-तीन जादा कोट टांगलेले असत. मला ते ठाऊक होते. मुख्य वेटरकडे मागितले असते तर कदाचित मिळाले असते, कदाचित तो रागावला असता. रागावेल म्हणून मी मागितलेच नाही.

त्या रात्री बंकवर झोप लागेना. माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात बाहेर बसवून वेगळ्या कपात चहा देत. आणि त्यांचा नातू पांढरे हातमोजे घालून दारात माणसे अडवत होता! दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मला कळते. त्या म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी कोट मिळू शकत होता आणि मिळताच दार उघडणार होते. आजोबांनी कितीही भारी कोट घातला असता तरी तो कप वेगळाच राहिला असता. पण दारातून परत फिरणाऱ्या माणसाची पाठ कशी दिसते, ते मी त्या रात्री पाहिले, आणि परत फिरवणारा मी होतो.

कपड्यांना आपण तुच्छ मानत नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायकांना सांगितले की, जात ओळखू येईल असे नेसणे सोडा, जड दागिने टाका, स्वच्छ राहा. पुढे घराघरांत ते पाळले गेले. आमच्याकडे इस्त्री नव्हती, तर आई जयंतीच्या आदल्या रात्री वडिलांचा शर्ट घडी करून गादीखाली ठेवी. सकाळी वडील तो घालून निघाले की त्यांची मान ताठ असे. कपडा असा असावा. आपली मान वर करावी, दुसऱ्याची खाली घालायला लावू नये.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. कामाच्या गोष्टीही सांगितल्या. एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे ना ते बघ; नोकरी लावून देण्यासाठी मुलाकडून पैसे घेणे कायद्याने मना आहे. चोवीस तासांत दहा तास विश्रांती हा तुझा हक्क आहे, तेव्हा कोरी वेळपत्रके सही करून देऊ नकोस.

तो म्हणाला, "आणि दारावर उभं केलं तर?"

मी म्हणालो, "तर उभा राहा. नोकरी आहे ती. फक्त पहिल्याच दिवशी जादा कोटांचं कपाट कुठं आहे ते बघून ठेव, आणि वेळ आली की मागायला लाजू नकोस."