पट्ट्याचे वय विचारा

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर पट्टा ही वस्तू कोणाला नवी नाही. भाताच्या गिरणीचा पट्टा तुटतो, गिरणीवाला नवा चढवतो आणि काम पुन्हा सुरू होते. म्हणून मोटारीचा पट्टा तुटला असे ऐकले, की ‘नवा घाला, झाले!’ असे आपण सहज म्हणतो. फसगत होते ती इथेच.

माझी नोकरी भाताच्या रोपांची आणि नारळ-सुपारीच्या बागांची. पण अलीकडे गावोगावच्या तरुणांनी पर्यटकांची ने-आण करण्यासाठी जुन्या मोटारी घेतल्या आहेत, आणि पिकाबरोबर गाडीचाही सल्ला मला विचारला जातो. म्हणून मेकॅनिकशेजारी बसून हा विषय समजून घेतला.

इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो आणि त्याच्या माथ्यावरचे व्हॉल्व्ह उघडझाप करतात. खालचा क्रँक दोन फेरे घेतो, तेव्हा व्हॉल्व्ह हलवणारा कॅम एक फेरा घेतो. हा मेळ टायमिंगचा पट्टा किंवा साखळी राखते. शेतातल्या पंपाच्या इंजिनात आणि ट्रॅक्टरमध्ये हे काम बहुधा दातेरी चाके करतात. त्यामुळे या पट्ट्याशी आपली ओळखच नसते. तो तुटला की कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि वर येणारा दट्ट्या त्यांवर आपटतो. काही पेट्रोल इंजिनांत मध्ये पुरेशी जागा असते, तिथे निभावते. डिझेल इंजिनात ती फार थोडी. व्हॉल्व्ह वाकतात, प्रसंगी दट्ट्याही फुटतो.

मुरूड तालुक्यातल्या एका बागायतदाराच्या मुलाने दहा वर्षांची डिझेल मोटार घेतली. फिरलेली थोडी, म्हणून सौदा घरात सर्वांना पसंत पडला. ऐन नाताळच्या गर्दीत पट्टा तुटला. चौघांनी ढकलून ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहिली, त्याने नुकसान वाढले. त्या वर्षीच्या सुपारीचे पैसे गॅरेजात गेले आणि पर्यटकांचा हंगामही हातचा गेला.

शेतकरी बंधूंनो, बियाण्याची पिशवी फोडली नाही म्हणून बियाणे ताजे राहत नाही. रबराचेही तसेच. गाडी पावसाळाभर पडवीत उभी असली तरी पट्ट्याचे वय वाढतच असते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत पट्टा बदलण्यासाठी किलोमीटर आणि वर्षे असे दोन आकडे दिलेले असतील, तर जो आधी भरेल तो धरावा. कमी फिरलेल्या जुन्या गाडीत वर्षेच आधी भरतात. आणि पट्टा झाकणाआड असतो. बहुधा कसलीही सूचना न देता तुटतो.

साखळी पोलादी असते, इंजिनच्या तेलात फिरते आणि पुष्कळ टिकते. पण तीही अमर नव्हे. तेल वेळेवर बदलले नाही तर ती झिजून सैल पडते. मात्र सकाळी गाडी सुरू करताना ती बहुधा खडखडते, आणि ऐकणाऱ्याला वेळ मिळतो.

गाडीच्या नावावरून पट्टा की साखळी हे ओळखू नये. १९९८ साली आलेल्या टाटांच्या इंडिकाच्या डिझेल इंजिनाला पट्टा होता. २००८ च्या इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट नावाचे जे डिझेल इंजिन मिळे, त्याला साखळी होती. तेव्हा इंजिन कोणते, ते विचारावे.

जुनी गाडी घेताना पट्टा बदलल्याची पावती मागावी. पावती नसेल, तर पट्टा बदललेला नाही असे धरून त्याचा खर्च सौद्यातच मोजावा. पट्ट्याबरोबर त्याला ताण देणारी पुलीही बदलावी. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही तपासून घ्यावा. आणि चालता चालता इंजिन अचानक बंद पडले, तर ढकलू नये, सेल्फही मारत बसू नये. गाडी ओढून मेकॅनिककडे न्यावी.