स्केल पन्नास टक्के

मागचे दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. कारण कवट्या. एक नाही, चार!

पण त्याआधी थोडं मागे जातो. माझा मामेभाऊ मेडिकलला गेला तेव्हा पहिल्याच वर्षी त्यानं एका सीनियरकडून 'बोनसेट' विकत घेतला. म्हणजे खरी माणसाची हाडं, बॅगेत भरलेली, आणि कवटी वेगळी फडक्यात गुंडाळलेली. वर्ष संपलं की हा सेट ज्युनियरला विकायचा, जुनी पुस्तकं विकतात तसा. सुट्टीत तो ती बॅग घेऊन घरी आला आणि आजीनं उंबऱ्यावरच अडवलं. रागावली वगैरे नाही. कवटी पाहिली आणि एवढंच विचारलं, "कुणाचा रे हा?"

भावाला सांगता येईना. सीनियरला तरी कुठे माहीत होतं? मग ती बॅग पंधरा दिवस अंगणातल्या पडवीत राहिली आणि भाऊ तिथेच बसून अभ्यास करायचा. पुढे कुठेतरी वाचलं की १९८५ साली भारतानं मानवी सांगाड्यांची निर्यात बंद केली आणि त्याआधी कलकत्ता हे या व्यापाराचं मोठं केंद्र होतं. जगभरची मुलं आपल्याकडच्या कुणाकुणाच्या हाडांवर शिकून डॉक्टर झाली. आजीचा प्रश्न तेव्हा वाटला तेवढा भाबडा नव्हता. असो.

तर आता मुद्द्यावर येतो. ऑफिसातले आम्ही चारपाच जण महिन्यातून एकदा नाणे मावळातल्या एका जिल्हा परिषद शाळेत जातो. लोकलनं कामशेत, पुढे मिळेल ते वाहन. शनिवारची सकाळची शाळा असते, त्यातले दोन तास आमचे. कुणी गणिताचे खेळ घेतं, कुणी चित्रं. मी या वेळी ठरवलं की कवट्या न्यायच्या. माणूस, वानर, शेळी आणि बिबट्या शेजारी शेजारी मांडायचे आणि मुलांना नुसतं बघू द्यायचं. पुस्तकातल्या चित्रात 'शाकाहारी', 'मांसाहारी' असे बाण दाखवलेले असतात, त्यापेक्षा हातात जबडा दिला तर बरं.

खऱ्या कवट्यांचा प्रश्नच नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बिबट्याचं काय, रानात मरून पडलेल्या वानराचं हाडसुद्धा घरी आणता येत नाही, ते सरकारी मालमत्ता असतं. (राजमाचीच्या वाटेवर एका मित्रानं सापडलेली कवटी सॅकमध्ये टाकली होती. ती परत ठेवायला लावताना माझी अर्धी संध्याकाळ गेली.) म्हणजे राहिल्या प्रतिकृती. माणसाची प्लॅस्टिकची कवटी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळाली. बाकीच्या तीन घरच्या थ्रीडी प्रिंटरवर काढायच्या ठरवल्या. परदेशातल्या संग्रहालयांनी केलेली हाडांची स्कॅन आता नेटवर मिळतात. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या होमो नालेडीच्या हाडांची स्कॅन तर २०१५ साली, शोध जाहीर झाला तेव्हाच, मॉर्फोसोर्स नावाच्या साइटवर सगळ्यांसाठी ठेवली होती. घरबसल्या आदिमानव डाउनलोड! आपल्या लहानपणी असं काही असतं तर...

प्रिंटरनं बिबट्यासाठी चाळीस तासांच्या वर वेळ दाखवला. शुक्रवारी रात्रीपर्यंत होणं शक्य नव्हतं. मग जे आपण ऑफिसात रिलीजच्या आदल्या रात्री करतो तेच केलं, शॉर्टकट मारला. स्केल पन्नास टक्के. आकार तोच राहतो ना, मग काय बिघडतंय?

वर्ग मात्र छान रंगला. आधी दात मोजायला लावले. मोठ्या माणसाचे ३२, वानराचे ३२ आणि शेळीचेही ३२! आधी कुणाचा विश्वास बसेना. पोरं जिभेनं स्वतःचे दात मोजायला लागली आणि कुणाचेच ३२ भरेनात, मग दुधाचे दात आणि अक्कलदाढा यावर पाच मिनिटं गेली. आकडा सारखा असला तरी मांडणी वेगळी, हे मी सांगणार होतो, तेवढ्यात मागून एक पोरगा म्हणाला, "शेळीला वरचे पुढचे दात नसत्यात, सर. बैलालाबी नसत्यात." मी विचारलं, तुला कसं माहीत? त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. मावळात बैलगाड्याच्या नादात वाढलेलं पोर ते. आदत म्हणजे काय, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेला म्हणजे काय, हे त्यानं वर्गाला समजावून दिलं. बैलाचं वय खालच्या आठ दातांवरून कसं धरतात, हे मी अभियांत्रिकीची पदवी घेऊन बेचाळिसाव्या वर्षी सातवीतल्या मुलाकडून शिकलो.

मग डोळ्यांच्या खोबणी. शेळीच्या बाजूला, कारण तिला चहूकडे लक्ष ठेवायचंय. बिबट्याच्या समोर, कारण त्याला अंतराचा अंदाज हवा. आपल्या आणि वानराच्याही समोरच, कारण फांदी पकडताना अंदाज चुकून चालत नाही. कवटीच्या तळाचं मोठं भोक, जिथून मज्जारज्जू खाली जातो, ते चौघांतही शोधायला लावलं. शेळीचं मागे, माणसाचं अगदी खाली. हे का, ते एका मुलीनं चार पायांवर रांगून दाखवलं.

तीच मुलगी बिबट्याकडे बघून आधी म्हणाली होती, "सर, हे तर मांजार हाय!" वर्ग हसला, मीही हसलो. मनात म्हटलं, वा, बरोबर पकडलं, एकाच कुळातले आहेत. माझी आकाराची गफलत ती मला सांगत होती हे डोक्यातच आलं नाही.

खिचडीची घंटा झाली. सगळी पळाली, ही थांबली. बिबट्याच्या वरच्या दोन सुळ्यांच्या मधे तिनं बोटं घातली. दीड बोट बसलं.

"सर, बिबट्याचे सुळे एवढंच लांब असत्यात एकमेकांपासनं?"

मी वायरी आवरत होतो. म्हटलं, "हो."

"मग आप्पा खोटं बोलले." एवढं म्हणून ती गेली.

बाईंनी नंतर सांगितलं. पावसाळ्यात त्यांची गाभण शेळी मारली गेली. गळ्याला भोकं होती. आप्पांचं म्हणणं बिबट्या, भोकांत तीन बोटांचं अंतर होतं, त्यांनी स्वतः लावून पाहिलं होतं. पंचनाम्याला आलेल्या माणसानं लिहिलं, गावातली कुत्री. कुत्र्यानं मारली तर भरपाई नाही. गावात थोडी चेष्टाही झाली होती की म्हातारा पैशासाठी वाघ बघतो.

आणि मी, अर्ध्या आकाराचा बिबट्या घेऊन, त्या मुलीला तिचा बाप खोटारडा असल्याचा पुरावा देऊन आलो होतो.

लोकलमध्ये मला पिल्टडाउनची आठवण होत राहिली. १९१२ साली इंग्लंडमध्ये 'सापडलेला' आदिमानव, खरं तर माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा. हे बिंग १९५३ साली फुटलं. मधली चाळीस वर्षं मूळ हाडं कुलपात आणि बऱ्याच अभ्यासकांच्या हातात प्लॅस्टरचे साचे. दात कानशीनं घासल्याचे ओरखडे, हाडाला दिलेला रंग, हे साच्यात कुठून दिसणार? प्रतिकृती बनवणारा जे महत्त्वाचं मानतो तेवढंच तीत उतरतं. मी आकार महत्त्वाचा मानला, माप नाही. (उलटही होतं म्हणा. कार्ल्याच्या चैत्यात पाषाणाला गरज नसताना छताला लाकडी फासळ्या लावल्यात, कारण आधी लाकडी इमारती तशा असायच्या. त्या इमारती गेल्या, पण त्या कशा दिसत ते या नकलेवरूनच कळतं.)

घरी येऊन बाकीच्याही कवट्या नीट तपासल्या. वानराच्या खोबणीच्या तळाशी, जिथून डोळ्याची नस मेंदूकडे जाते, तिथे भोकच नव्हतं! स्कॅन करताना प्रकाश तेवढा आत पोचला नसणार, तिथे फट राहिली, आणि माझ्या सॉफ्टवेअरनं 'रिपेअर' म्हणून ती लिंपून टाकली. बटण मीच दाबलं होतं. म्हणजे माझं वानर आंधळं. वर्गात कुणाच्या लक्षात आलं नाही, हे नशीब म्हणायचं की आणखी वाईट?

पुढचे दोन शनिवार यात गेले. बिबट्या पूर्ण मापाचा, तुकड्यांत प्रिंट करून फेविक्विकनं चिकटवला. शेळीला प्रतिकृतीची गरजच काय, असं बायको म्हणाली, म्हणून खाटकाकडून मुंडी आणली, आणि ती घरच्या पातेल्यात उकळायला ठेवल्यावर तिनं तो सल्ला मागे घेतला.

काल परत गेलो. महिन्याचा वार नव्हता, एकटाच गेलो. बाईंनी मुलीच्या घरी निरोप धाडला होता, आप्पा आले. मी वाटेत तयार केलेलं सगळं बोललो. चूक माझी होती, ती कवटी निम्म्या मापाची होती, मुलीला चुकीचं सांगितलं. मुलगी बाकाच्या कडेला उभी होती. आप्पांनी बिबट्या उचलला, वजन बघितलं ("हलका हाय"), उलटा केला आणि सुळ्यांच्या मधे बोटं घातली. दोन सहज गेली, तिसरं दाटीवाटीनं बसलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, पण जवळ येऊन स्वतःचीही बोटं लावून पाहिली.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे अटी-शर्ती सांगायला लागलो. हे स्कॅन एकाच जनावराचं, नर की मादी, वय किती, यानं माप बदलतं. मांसातलं भोक ताणलं जातं. शेळी तर पुरलेली, त्यामुळे आता सिद्ध काहीच होत नाही. आप्पांनी ऐकून घेतलं.

"आन् कुत्र्याची कुठंय?"

"कुत्र्याची नाही आणली."

"मंग कशाशी लावून बघायचं?" ते म्हणाले. "दोन्ही शेजारी ठेवल्याबिगर काय कळनार, सर?"

डेक्कन कॉलेजात इनामगावच्या उत्खननातली हाडं ओळखणाऱ्यांनीही नेमकं हेच केलं असणार, आजच्या जनावरांची हाडं शेजारी ठेवून. मी मात्र शेळीच्या मारेकऱ्यांपैकी एकालाच वर्गात नेलं होतं.

हे लिहितोय तेव्हा आतल्या खोलीत कुत्र्याचा वरचा जबडा प्रिंट होतोय. अजून अकरा तास दाखवतंय. स्केल शंभर टक्के आहे, दोनदा बघून आलो.