नव्या बुटांचा तोरा

पुणे,
18 जून

चि. वैशालीस,


तुझं पत्र वाचलं. ओजस नवे स्नीकर्स पायातून काढायला तयार नाही, जिन्यात भेटेल त्याला थांबवून दाखवतो, आणि सुधीररावांना त्यात आत्तापासूनचा माज दिसतो. बूट काही दिवस कपाटात टाकावेत का, असं तू विचारलंस. टाकू नकोस. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण सुधीररावांची शंका अगदीच उडवून लावण्यासारखी नाही.

मूल नव्या बुटांचं करतं काय, हे आधी पाहायला हवं. घड्याळ मिळालं तर ते मनगट पुढे करून उभं राहतं. बूट मिळाले की धावत सुटतं, तेही दुकानातच. त्याला दाखवायचा असतो तो स्वतःचा वेग. शिवाय लहान वयात पाय वर्षाला साधारण एक नंबर वाढतो. उंची वाढल्याचं घरातल्यांना कळतं, ते मुद्दाम भिंतीवर खूण केली तर. पाय वाढल्याचं मात्र अनोळखी दुकानदार मापपट्टीवर पाय ठेवून चारचौघांत जाहीर करतो. मोठ्या भावाचा शर्ट दुमडून, टाके घालून चालवता येतो, पण दुसऱ्याच्या पायाच्या वळणाने झिजलेला बूट चावतोच. म्हणून पुष्कळ मुलांच्या आयुष्यात नेमक्या त्यांच्या मापाची पहिली वस्तू बूट हीच असते. आपण मोठे होतोय याचा पुरावा मुलाच्या हाती, खरं तर पायी, लागलेला असतो. ते मिरवतं तो हा पुरावा.

आणि चारचौघांत मिरवण्यात गैर काय? अर्थशास्त्राचा पाया घालणारा अॅडम स्मिथ याने 1776 च्या ग्रंथात गरजेच्या वस्तू कोणत्या ते ठरवताना बुटांचंच उदाहरण घेतलं आहे. इंग्लंडमध्ये गरिबातल्या गरीब अब्रूदार माणसाला, मग तो पुरुष असो वा बाई, चामड्याच्या बुटांशिवाय लोकांत जायची लाज वाटेल, असं तो म्हणतो. स्कॉटलंडमध्ये हा रिवाज पुरुषांपुरता होता आणि फ्रान्समध्ये तोही नव्हता, हेही तो नोंदवतो. म्हणजे बूट गरजेचे ठरतात ते निव्वळ थंडीमुळे नव्हे, तर माणसाला मान वर करून लोकांत उभं राहता यावं म्हणून. अमर्त्य सेन यांनी दारिद्र्याची चर्चा करताना हाच धागा पुढे नेला. आपल्याला खरं तर इतक्या दूर जायची गरज नाही. पायातली वहाण पायातच बरी, असं म्हणणारा आपला समाज. वरच्या आळीतून जाताना पायताण हातात घ्यावं लागण्याचा काळ फार जुना नाही. 2018 साली गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात तेरा वर्षांच्या एका दलित मुलाला मोजडी घातली म्हणून मारहाण झाली. मारणाऱ्यांना मोजडीच्या किमतीशी काही देणंघेणं नव्हतं. ती घालून तो पोरगा ज्या ऐटीत चालत होता, ती ऐट त्यांना सोसली नाही. ज्या आनंदाला आपण बालिश हौस म्हणतो, त्याचा अर्थ त्या गुंडांना आपल्याहून चांगला कळला होता.

सुधीरराव म्हणतील, आम्ही अनवाणी शाळेत गेलो, आमचं काय बिघडलं? ज्यांचं बिघडलं, त्यांना हे विचारायला हवं. 1909 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत रॉकफेलरच्या पैशाने अंकुशकृमीविरुद्ध मोहीम सुरू झाली, तेव्हा तपासलेल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे 40 टक्के मुलांना लागण झालेली आढळली. हा कृमी उघड्या तळव्याच्या कातडीतून शरीरात शिरतो, रक्त शोषतो, आणि आळशी म्हणून हिणवलेलं मूल प्रत्यक्षात रक्तक्षयाने थकलेलं असतं. अनवाणीपणाच्या कौतुकात अबेबे बिकिलाचं नाव नेहमी येतं. 1960 ची रोमची मॅरेथॉन त्याने अनवाणी जिंकली, हे खरंच. पण तेव्हा त्याला मिळालेले बूट नीट बसत नव्हते. 1964 साली टोकियोत तो बूट घालून धावला आणि आधीपेक्षा कमी वेळात जिंकला. ही दुसरी शर्यत कुणी सांगत नाही.

याहून अवघड आक्षेप वेगळा आहे. एका जोडीच्या विक्रीमागे तेव्हा एक जोडी दान देणाऱ्या टॉम्स या अमेरिकी कंपनीच्या बुटांचा परिणाम अर्थतज्ज्ञांनी एल साल्वादोरमध्ये तपासला. मुलांनी बूट आवडीने घातले; पण आरोग्यात किंवा शाळेच्या हजेरीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, उलट आपल्या कुटुंबाच्या गरजा इतरांनी भागवाव्यात, असं मानणारी मुलं थोडी वाढली. तिथल्या बहुतेक मुलांकडे आधीचे बूट होतेच, हा भाग सोडला तरी निष्कर्ष टाळण्यासारखा नाही. मला त्यातून इतकंच दिसतं की बूट कोणाच्या हातून आणि कशा रीतीने येतात, यावर त्यातला अभिमान अवलंबून असतो. आपल्या राज्य सरकारने 2023 च्या जुलैत पहिली ते आठवीच्या सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे द्यायचं ठरवलं, ते माणशी 170 रुपयांत. कल्पना उत्तम. रक्कम ठरवणाऱ्याने कधी मुलाचे बूट विकत घेतले असतील, असं मात्र वाटत नाही. टाचेला फोड आणणारा, पावसाळ्यात तळ सुटणारा बूट मुलाला त्याची पायरी दाखवतो.

राहिला प्रश्न शेजारच्या मुलांचा. ओजसचे बूट पाहून एखाद्याचं तोंड उतरत असेल, तर ते दुःख खरं आहे. पण मुलांच्या आपापसातल्या चौकशीत पहिला प्रश्न ‘पळायला कसे आहेत?’ हा असतो, आणि पाच मिनिटं घालून बघायला दिले की तो मिटतो. ‘कुठल्या कंपनीचे, केवढ्याला?’ हा प्रश्न मोठ्यांचा. नायकेने 1985 मध्ये खेळाडूच्या नावाचे एअर जॉर्डन बाजारात आणले, तेव्हापासून हा प्रश्न मुलांच्या तोंडी घालण्यावर जाहिरातवाल्यांनी अफाट पैसा ओतला आहे. माज शिरतो तो या दारातून, आणि ते दार बहुधा घरातलंच कुणीतरी उघडतं.

तेव्हा बूट त्याच्या पायातच राहू देत. झोपताना घातले तर तळ पुसून घे, म्हणजे झालं. पुढच्या वेळी ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नकोस. बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरते. आणि सुधीररावांना माझा एवढा निरोप दे: पाहुण्यांसमोर त्या बुटांची किंमत सांगू नका.

तुझा,
दादा